नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर नेमके किती आणि तास कसे मोजायचे?

प्रश्न : प्रतापनगरकर

नमस्कार मंडळी. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि येत्या ऑक्टोबरात ती पहिल्यांदाच एकटी माझ्या बहिणीकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या गावी, जाणार आहे. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ अशा बांधलेल्या वेळेला असतात. परवा आमच्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, की घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या घरी पाय ठेवेपर्यंत एकूण किती तास जातील, म्हणजे त्यानुसार गोळ्यांच्या वेळा लिहून देतो. मी म्हटले, आज रात्री बघून उद्या सांगतो. त्याला आज चार दिवस झाले आणि माझ्याजवळ एकही खात्रीचा आकडा नाही.

अडचण अशी आहे. अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर ८,१४७ मैल दिले आहे, दुसऱ्यावर तेच ७,०८० मैल आहे आणि तिसऱ्यावर १३,११० किलोमीटर. पहिल्या संकेतस्थळाने पुढे ‘उड्डाणाचा कालावधी १६ तास ४७ मिनिटे’ असेही ठामपणे लिहिले आहे. नागपूरहून तिकडे थेट विमानच जात नाही, तर हा कालावधी त्यांनी कोणत्या विमानात बसून मोजला, हे कळायला मार्ग नाही.

आमच्यासमोर दोन तिकिटे आहेत. पहिले दिल्लीमार्गे : १४ ऑक्टोबरला रात्री ९.३० ला नागपूरहून निघायचे, ११.२० ला दिल्ली, तेथून १५ तारखेला पहाटे ४ ला निघून त्याच दिवशी सकाळी ७.२० ला सॅन फ्रान्सिस्को. दुसरे दोहामार्गे : पहाटे ४ ला नागपूर, सकाळी ५.५० ला दोहा, ८ ला पुढचे विमान आणि त्याच दिवशी दुपारी २ ला सॅन फ्रान्सिस्को. परतीचे तिकीट दोन्ही बाबतींत डिसेंबरातले दिल्लीमार्गेच घ्यायचे आहे. ते १० तारखेला सकाळी १०.३० ला तेथून निघते आणि ११ तारखेला दुपारी ४.३० ला दिल्लीला उतरते. म्हणजे छापलेल्या वेळा पाहिल्या तर जाताना दिल्लीपासून तीन तास वीस मिनिटे लागतात आणि येताना तीस तास! आईने हे वाचून ‘मग जातानाचेच विमान येतानाही मिळते का ते बघ’ अशी सूचना केली आहे.

घड्याळे वेगवेगळी आहेत एवढे मला कळते. तरी कोणी जाणकार हा हिशोब नीट उलगडून सांगतील का?


उत्तर : हिशोबी माणूस

हिशोब सोपा आहे. प्रवासी जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. १३,११० ला ९०० ने भागा, १४ तास ३४ मिनिटे येतात. त्यात दिल्लीचा थांबा मिळवा. डॉक्टरांना ‘एकोणीस-वीस तास’ सांगून टाका.


उत्तर : सोनेगावचे निवृत्त

वरील उत्तरातील भागाकार बरोबर आहे, परंतु त्यातून निघालेल्या आकड्यावर औषधाच्या वेळा बसवू नयेत, अशी विनंती. माझी नोकरी विमानांच्या उड्डाण-नियोजनात गेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम मैलांचा घोळ मिटवू. ८,१४७ आणि ७,०८० हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण पहिले मैल जमिनीवरचे आहेत आणि दुसरे सागरी. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, तर सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक आणि जहाजवाले सागरी मैलच वापरतात. दोन्ही किलोमीटरमध्ये आणा, उत्तर तेच १३,११० च्या आसपास येईल. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे आपल्या मातोश्री एका दमात पृथ्वीच्या प्रदक्षिणेचा जवळपास तिसरा हिस्सा पार करणार आहेत.

त्या संकेतस्थळाचे १६ तास ४७ मिनिटे कोठून आले तेही सांगतो. अशा ठिकाणी कोणतेही खरे वेळापत्रक पाहिलेले नसते. दोन विमानतळांमधले सरळ अंतर घ्यायचे, त्याला ताशी ५०० मैलांनी भागायचे आणि उड्डाण व उतरणे यांसाठी अर्धा तास वर टाकायचा, एवढेच त्यामागचे गणित असते. ८,१४७ ला ५०० ने भागून अर्धा तास मिळवा, बरोबर तेच १६ तास ४७ मिनिटे हाती येतील.

आता खरा कालावधी. तिकिटावर निघण्याची जी वेळ छापलेली असते ती विमानाने जमीन सोडण्याची नसते, तर विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाण्याची असते. पोहोचण्याची वेळही धावपट्टीला चाके टेकण्याची नसते, विमान जागेवर येऊन चाकांना अडणी लागण्याची असते. या दोन क्षणांमधल्या काळाला आमच्या भाषेत ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात दोन्हीकडचे टॅक्सी करणे, म्हणजे विमानाने जमिनीवर चाकांवरून सरकत जाणे, आले, रांगेत उभे राहणे आले आणि दिल्लीसारख्या गजबजलेल्या ठिकाणी त्यालाच वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. शिवाय चढताना आणि उतरताना विमान ९०० च्या वेगाने जात नसते. म्हणून नागपूर-दिल्ली हे ८५५ किलोमीटरचे अंतर भागाकाराने तासाभरात संपायला हवे असले, तरी आपल्या तिकिटावर १ तास ५० मिनिटे दिसतात.

लांबच्या उड्डाणात याहून मोठी गोष्ट वाऱ्याची आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नेहमीचे आहे आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. विमानाचा ९०० चा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. हवाच जर दीडशेच्या वेगाने पुढे सरकत असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला ते विमान हजारावर पळताना दिसते, आणि वारा समोरून आला की तेच साडेसातशेवर येते.

याचे आपल्याच मार्गावरचे उदाहरण आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडे वळवून पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झाले, पण प्रवास साडेचौदा तासांतच आटोपला आणि आधीच्या मार्गापेक्षा वेळ उलट वाचला. भागून पाहा, ताशी १,०५५ किलोमीटर पडतात. विमानाचा स्वतःचा वेग तेवढा नाही, वरचे दीडशे वाऱ्याने दिले. तेव्हा ‘अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त’ हे रेल्वेच्या रुळांवर ठीक आहे, तेथे वरती धरून चालू नये.

आणखी एक. नागपूरहून सरळ रेषेत जायचे तर मार्ग पश्चिम नेपाळ आणि तिबेटवरून जातो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या घरात आहे. विमानातील हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. खाली पठारच त्याहून उंच असेल तर यायचे कोठे? म्हणून विमाने तो भाग बहुधा टाळून वळसा घेतात. यात हवाई हद्दींचे राजकारण मिळवा. २०२२ पासून रशियाने अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले आहे, भारतीय कंपन्यांना नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणे लांबली आणि अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. त्यामुळे मागच्या वर्षी शेजारी किती तासांत पोहोचले यावर विसंबू नका. तिकिटावर जे आजचे तास आहेत तेच धरा.

वयाला शोभेल असे थोडे जुने सांगतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्री आपल्या सोनेगावच्या विमानतळावर येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या गावी परतत. दिल्ली ८५५, मुंबई ६८५, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८० किलोमीटर, म्हणजे कोणालाच फार लांब नाही. टपालाला नागपूर हे मधले ठिकाण सोयीचे होते. माणसांना मात्र अजून दिल्ली नाही तर दोहा गाठावे लागते.


उत्तर : भूगोलाचे गुरुजी

वरील उत्तरात ‘नागपूरहून सरळ रेषेत जायचे तर नेपाळ आणि तिबेट’ हे वाक्य वाचून अनेकांच्या कपाळाला आठी पडली असेल, कारण भिंतीवरच्या नकाशात अमेरिका एक तर पार डावीकडे असते किंवा पार उजवीकडे, उत्तरेला कधीच नसते. तेवढ्याचसाठी लिहितो.

घरात पृथ्वीगोल असेल तर तो घ्या आणि शिवणकामाचा दोरा घ्या. एक टोक नागपूरवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर नेऊन दोरा ताणा. सैल असताना तो जपानच्या बाजूने कोठेही लोंबकळेल, पण ताण देऊ लागताच आपोआप वर, उत्तरेकडे सरकत जाईल आणि एका जागी थांबेल. आमच्या शाळेचा गोल पत्र्याचा होता, ऑस्ट्रेलियाला पोचा आलेला, आणि दोरा दरवेळी त्या पोच्यापाशी न जाता वर का पळतो म्हणून मुले हटकून हसत. दोरा जेथे थांबतो ती दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट. तीस सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर या दोऱ्याची लांबी जवळपास एकतीस सेंटीमीटर भरते, आणि त्या गोलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार करून पाहावा.

ही वाट नागपूरहून ईशान्येपेक्षाही उत्तरेकडे अधिक कलते. पश्चिम नेपाळ, तिबेट, मंगोलियाचा पश्चिम भाग, सायबेरिया असे करीत ती ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते, म्हणजे कोलिमा नदीच्या मुखाच्याही वर, गोठलेल्या समुद्रावर. तेथून ती उतरू लागते, अलास्का ओलांडते आणि पॅसिफिकच्या कडेने कॅलिफोर्नियाला येते. याउलट भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को सरळ रेघ मारली, तर ती प्रत्यक्षात सुमारे १५,४०० किलोमीटरची भरते. जी रेघ सरळ दिसते ती २,३०० किलोमीटरने लांब, आणि जी वाकडी दिसते ती जवळची. गोल वस्तूची साल सोलून टेबलावर सपाट पसरली, की असेच व्हायचे. संत्र्याच्या गावात हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

सागरी मैलाचा उल्लेख झालाच आहे तर त्याचीही गंमत सांगतो. अक्षवृत्तांमधल्या एका अंशाचे साठ भाग केले, की एका भागाएवढे जमिनीवरचे अंतर म्हणजे एक सागरी मैल. आपला दोरा पृथ्वीच्या मध्यापासून पाहिला तर ११८ अंशांचा कोन करतो. त्याला ६० ने गुणा, आपल्या त्या ७,०८० सागरी मैलांच्या शेजारीच येऊन थांबाल.

आणि ‘अंतर म्हणजे कोणते अंतर’ हा प्रश्न विमानापासून सुरू झालेला नाही. आपल्या नागपुरातल्या झिरो माइलच्या जुन्या दगडावर हैदराबाद ३१८ मैल असे कोरलेले आहे, म्हणजे ५१२ किलोमीटर. कावळ्याच्या वाटेने, म्हणजे सरळ हवेतून, पाहिले तर नागपूर-हैदराबाद ४२५ किलोमीटरदेखील नाही. उघडच ते वाटेने मोजलेले अंतर आहे. ज्याला बैलगाडीने जायचे त्याला तेच उपयोगाचे होते.


प्रश्नकर्ता : प्रतापनगरकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. रात्री मुलीचा गोल आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन प्रयोग केला, दोरा खरोखरच वर सरकतो. आईने तो तीन वेळा करून पाहिला आणि ‘एवढ्या थंडीतून नेणार होय!’ एवढेच म्हणाली.

आता मी सगळ्या वेळा नागपूरच्या घड्याळात आणून पाहिल्या. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे, असे बहिणीने सांगितले. म्हणजे तेथले सकाळचे ७.२० हे आपले संध्याकाळचे ७.५०. पहाटे ४ पासून तेथवर १५ तास ५० मिनिटे झाली. त्यात नागपूर-दिल्ली १ तास ५० मिनिटे आणि दिल्लीतला थांबा ४ तास ४० मिनिटे मिळवले, की विमानतळ ते विमानतळ २२ तास २० मिनिटे होतात.

दोह्याचे गणित पाहून मात्र मी चकित झालो. नागपूर-दोहा सुमारे २,८४० आणि दोहा-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०००, मिळून १५,८४० किलोमीटर. दिल्लीमार्गे हीच बेरीज १३,२३५ होते. म्हणजे दोहामार्गे २,६०० किलोमीटर जास्त, आणि तरी एकूण वेळ २२ तास ३० मिनिटे, केवळ दहा मिनिटे अधिक! दोह्यातला थांबा फक्त २ तास १० मिनिटांचा असल्याने सगळी भरपाई होते. मग दोहाच घ्यावे काय? नागपूरहून निघतानाच इमिग्रेशन उरकते, हाही त्यात फायदा दिसतो.

एक कोडे अजून सुटत नाही. परतीच्या तिकिटावर दिल्लीपर्यंत १६ तास ३० मिनिटे असे छापले आहे. मी मात्र तीस तासांतून साडेबारा वजा केले, तर १७ तास ३० मिनिटे उरतात. हा एक तास कोठे गेला?


उत्तर : मनीषनगरची प्रवासी

तो तास अमेरिकेच्या घड्याळात गेला आहे. तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. आपल्याकडे असे काही नसल्यामुळे आपल्या लक्षात राहत नाही. ऑक्टोबरात फरक साडेबारा तासांचा असतो, डिसेंबरात तो साडेतेरा होतो. तीसमधून साडेतेरा वजा करा, तिकिटावरचे साडेसोळा मिळतील. मी स्वतः एका वर्षी नोव्हेंबरात मुलाला त्याच्या पहाटे पाच वाजता फोन करून उठवले आहे, त्यामुळे हा रविवार आता पाठ झाला आहे.

थांब्यांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. कागदावर दोन तास दहा मिनिटे पुरेशी वाटतात, पण त्यातले शेवटचे तास-पाऊण तास विमानात चढण्याच्या दारापाशीच जातात, आणि अमेरिकेला जाणाऱ्या विमानाच्या दारापाशी पुष्कळदा वेगळी तपासणी होते. नागपूरचे विमान चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले तर उरतो दीड तास. व्हीलचेअरने जाणाऱ्या प्रवाशाला आधी सगळे उतरेपर्यंत विमानातच बसावे लागते आणि मग मदतनीस येतो. आपल्यासारख्यांना ती धावपळ जमते, एकाहत्तराव्या वर्षी एकटीला ती का द्यावी? दिल्लीत चार तास चाळीस मिनिटे आहेत, त्यात इमिग्रेशनही होईल आणि चहाही होईल. शिवाय भाषेची अडचण नाही. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच मागून घ्या, काउंटरवर जाऊन ऐनवेळी नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दिल्लीमार्गे जायचे तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. काही वर्षांपूर्वी मी हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी नागपूर-दिल्ली एका कंपनीचे आणि पुढचे दुसऱ्या कंपनीचे असे वेगवेगळे काढले होते. जानेवारी होता. दिल्लीत धुके पडले, नागपूरचे विमान नागपुरातच तीन तास उभे राहिले आणि मी दिल्लीला पोहोचले तेव्हा पुढचे विमान निघून गेले होते. पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला दिल्लीला आणून सोडले. दुसरी म्हणाली, तुम्ही वेळेवर आला नाहीत. दोघींचेही नियमाने बरोबर होते आणि नवे तिकीट माझ्या खिशातून गेले. एकाच तिकिटावर असते तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी त्यांची राहिली असती आणि सामानही नागपूरलाच थेट शेवटच्या गावापर्यंतचे लागले असते.

परतीचे मात्र ध्यानात ठेवा. बाहेरून येताना सहसा पहिल्या भारतीय विमानतळावर, म्हणजे दिल्लीला, सामान पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून बाहेर काढावे लागते आणि नागपूरसाठी पुन्हा द्यावे लागते. ४.३० ला उतरल्यावर नागपूरचे विमान किती वाजताचे आहे ते पाहा. तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.


उत्तर : हिशोबी माणूस

माझे एकोणीस-वीस तास मागे घेतो. मी विमानाचा वेग मोजला, आजींचा मोजला नाही. फक्त एक सुचवतो. डॉक्टरांनी विमानतळ ते विमानतळ विचारलेले नाही, घर ते घर विचारले आहे. तेव्हा पुढेमागे काही जोडले पाहिजे.


उत्तर : सोनेगावचे निवृत्त

अगदी योग्य सूचना. देशांतर्गत टप्प्याने सुरुवात असली तरी पुढे परदेशी जायचे असल्यामुळे नागपूरला अडीच तास आधी पोहोचलेले बरे. प्रतापनगराहून सोनेगाव जवळच आहे, पंधरा मिनिटे धरा. तिकडे अमेरिकेत इमिग्रेशनला कधी अर्धा तास लागतो तर कधी दीड, आपण दीडच धरावा. परतीच्या वेळी दिल्लीहून नागपूरला रात्री ८.१५ च्या सुमाराचे विमान मिळाले तर दहापर्यंत उतरतील, तेही बरे पडेल.


प्रश्नकर्ता : प्रतापनगरकर

आपणा सर्वांच्या सांगण्याप्रमाणे दिल्लीमार्गे, एकाच तिकिटावर, व्हीलचेअरसह आरक्षण केले. परतीचे विमानही रात्री ८.१५ चे मिळाले. हिशोब शेवटी असा बसला. सगळ्या वेळा नागपूरच्या घड्याळाप्रमाणे आहेत.

१४ तारखेला संध्याकाळी ६.४५ ला घर सोडायचे. ९.३० ला विमान, ११.२० ला दिल्ली, पहाटे ४ ला पुढचे उड्डाण आणि १५ तारखेला संध्याकाळी ७.५० ला सॅन फ्रान्सिस्को. इमिग्रेशन आणि सामान यांना दीड तास, आणि बहिणीच्या गाडीतून घरापर्यंत पाऊण तास ते पंचावन्न मिनिटे. म्हणजे रात्री सव्वादहा. घर ते घर साडेसत्तावीस तास. आईला हे समजावताना मी म्हटले, की विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जायचे आणि तिनेच परत यायचे, तर दोन्ही वेळचे मिळून गाडीत जेवढे तास जातात, जवळपास तेवढा वेळ. ते तिला चटकन कळले.

हे लिहिल्यावरच एक गोष्ट दिसली, जी आधी कोणालाच दिसली नव्हती. या साडेसत्तावीस तासांत गोळीच्या तीन वेळा येतात. पहिली रात्री आठची, नागपूर विमानतळावर. दुसरी सकाळी आठची, दिल्ली सोडल्यावर चार तासांनी, आकाशात, खिडक्या बंद आणि सगळे झोपलेले असताना. आणि तिसरी रात्री आठची, विमान जागेवर लागल्यानंतर बरोबर दहा मिनिटांनी, जेव्हा ती व्हीलचेअरवर बसून पासपोर्ट हातात धरून रांगेत असेल आणि बाहेर मात्र सकाळ झालेली असेल. मी कागद डॉक्टरांपुढे ठेवला तेव्हा त्यांनीही नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले. ती गोळी विमानात उतरण्यापूर्वी जे खायला देतात त्याबरोबर घ्यायची, असे त्यांनी लिहून दिले. तेथे पोहोचल्यावर पुढच्या दोन दिवसांत वेळ हळूहळू कशी सरकवायची तेही त्यांनी वेगळ्या कागदावर दिले आहे.

तिन्ही गोळ्या तीन छोट्या पाकिटांत घालून, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवल्या आहेत आणि प्रत्येक पाकिटावर आईने स्वतः बॉलपेनने वेळ लिहिली आहे : रात्री ८, सकाळी ८, संध्याकाळी ७. ही वेळ नागपूरची, हे विसरायला नको म्हणून मनगटावरचे घड्याळ लेकीच्या दारात पोहोचेपर्यंत बदलायचे नाही, असे तिने ठरवले आहे. विमानात समोरच्या पडद्यावर काय वेळ दिसते याच्याशी आपल्याला काही देणेघेणे नाही, असे तिने मला दोनदा बजावून सांगितले.